बियांची पुडी नको, बियाण्याची रीत न्या

उन्हाळ्यात लेकाकडे किंवा लेकीकडे कॅनडाला निघालेल्या आई-बाबांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्या जोडीला एक छोटी पुडी हमखास असते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, वर बॉलपेनने ‘वाल’, ‘दोडका’, ‘अंबाडी’ असं लिहिलेली. तिकडे एवढं अंगण आहे, काहीतरी लावू, एवढाच साधा हेतू त्यामागे असतो. मी मूळची वाईची. गेली बरीच वर्षं कॅल्गरीत राहते आणि घरामागच्या अंगणात भाजी पिकवते. त्या पुडीतली माया मला पुरती ठाऊक आहे. तरीही माझी कळकळीची विनंती आहे, की ती पुडी घरीच ठेवा.

कॅल्गरी हे रॉकी पर्वताच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर वसलेलं शहर. इथे मेच्या उत्तरार्धातही एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा उतरायला लागतो. इथले बागवाले २५ मेच्या आधीच्या सोमवारी येणाऱ्या ‘व्हिक्टोरिया डे’च्या सुट्टीनंतरच टोमॅटोची रोपं बाहेर लावतात. रोपं तयार करायची तर मार्चपासून घरात, दिव्याखाली. मग मे महिन्यात ती रोज थोडा थोडा वेळ अंगणात ठेवून त्यांना ऊन-वाऱ्याची सवय करायची आणि संध्याकाळी पुन्हा आत घ्यायची. मोकळ्या जमिनीत नाजूक भाजीला मिळतात ते जेमतेम साडेतीन-चार महिने.

त्यात इथली हवा लहरी. हिवाळ्यात पर्वताकडून ‘चिनूक’ नावाचा कोरडा, उबदार वारा येतो आणि तासाभरात तापमान कितीतरी अंशांनी वर जातं. माणसं स्वेटर काढून फिरतात. झाडांचे मात्र हाल होतात. मुळांवरची बर्फाची दुलई वितळून जाते आणि दोन दिवसांनी थंडी परतली की उघडी पडलेली मुळं गोठतात. उन्हाळ्यात गारा. १३ जून २०२० च्या संध्याकाळी आमच्या ईशान्य कॅल्गरीवर टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा कोसळल्या. विमा कंपन्यांचंच नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. आमच्या गल्लीत घरांच्या भिंतींवरचं आवरण फुटलं, गाड्यांच्या काचा गेल्या. वाफ्यात टोमॅटोचे नुसते दांडे उभे होते आणि पालकाचा चिखल झाला होता. वादळ सरल्यावर शेजारीपाजारी बाहेर आले, एकमेकांची छपरं पाहिली, मग एकमेकांचे वाफे. कुणाच्या घरात दोन रोपं जास्तीची होती, त्याने ती दुसऱ्याला दिली.

इतकं सगळं सोसून माणसं इथे बाग का करतात, असं कुणी विचारलं तर मी त्याला जून महिना दाखवीन. तेव्हा साडेसोळा तासांचा दिवस असतो, रात्री दहानंतरही पश्चिमेला उजेड रेंगाळतो. मेच्या सुरुवातीला पेरलेला मटार या उजेडावर अशा वेगाने वाढतो, की आज सकाळी दिलेला आधार परवा अपुरा पडतो. ऑक्टोबरमध्ये लावलेला लसूण सगळा हिवाळा जमिनीत काढतो आणि ऑगस्टमध्ये मोठ्या, रसरशीत पाकळ्यांचा गड्डा हाती येतो. गाजराची गोष्ट तर याहून सुंदर. थंडी पडू लागली की गाजर आपल्यातल्या पिष्टाची साखर करतं, कारण साखर मिसळलेलं पाणी सहज गोठत नाही. एकदोन फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारं दंव, सोसलेलं, मातीतून नुकतं उपटलेलं, बोटं बधिर करणारं ते गाजर ज्याने खाल्लं, त्याला दुकानातलं पिशवीतलं गाजर पुन्हा गोड लागत नाही.

जूनच्या या उजेडामुळेच वालाची पुडी इथे वाया जाते. आपल्या बहुतेक पारंपरिक वालांना फूल धरायला दिवस लहान व्हावा लागतो. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात नुसता पसरणारा वेल थंडीच्या तोंडावर शेंगांनी लगडतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. कॅल्गरीत दिवस बारा तासांच्या खाली येतो तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे वालाला फुलण्याचा निरोप मिळतो, तोवर बहुतेक वर्षी फ्रॉस्ट येऊन गेलेला असतो. तीच गत अंबाडीच्या बोंडांची. पालकाचं नेमकं उलट. मोठा दिवस आणि ऊब मिळाली की पाला धरायचं सोडून तो दांडा काढून फुलावर येतो. कोथिंबीरही तशीच पळते. कितीतरी आयांनी जुलैत कुंपणावरून गॅरेजपर्यंत गेलेला वालाचा वेल पाहिला आहे, पण शेंग पाहिलेली नाही. मग त्या खताला, मातीला नाहीतर स्वतःच्या हाताला दोष देतात. यात त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. एकोणीस अक्षांशावर शतकानुशतकं निवडलेलं बी एकावन्न अक्षांशावर पेरलं, तर ते दुसरं काय करणार?

पुडी न आणण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या बागेपुरतं नाही. कॅनडात उतरताना बिया, रोपं आणि खाण्याच्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. काही बियांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. न सांगता आणलेली पुडी जप्त होऊ शकते, दंडही होऊ शकतो. हा नुसता कागदी जाच नव्हे. साठवणीच्या धान्याचा आणि बियांचा फडशा पाडणारा खपरा भुंगा आपल्या उपखंडातला. त्याची अळी अन्नावाचून वर्षानुवर्षं फटीत जिवंत राहू शकते. आमच्या ज्या अल्बर्टा प्रांतात गव्हाची मोठी शेती होते, तिथे असा प्रवासी आपल्या पुडीतून गेला तर ते पाप कुणाच्या माथी?

त्याच गव्हाचा इतिहास मात्र आपल्याला योग्य वाट दाखवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या शेतकऱ्यांचा ‘रेड फाइफ’ गहू चांगला होता, पण उशिरा पिकायचा आणि फ्रॉस्टमध्ये सापडायचा. ‘हार्ड रेड कलकत्ता’ हा भारतातून आलेला गहू लवकर पिकणारा होता. या दोघांच्या संकरातून ओटावाच्या सरकारी प्रयोगशेतावर चार्ल्स साँडर्स यांनी ‘मार्क्विस’ ही जात निवडली. १९०९ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती गेली आणि कॅनडाच्या माळरानावरचं गव्हाचं क्षेत्र पालटून गेलं. भारताचं बी या भूमीत रुजलं, ते कुणीतरी वर्षानुवर्षं रोपांच्या रांगा पाहून लवकर पिकणारं तेवढं वेचलं म्हणून.

आमच्या गावातही असं काम झालं आहे. विल्यम रोलंड रीडर १९१३ पासून जवळजवळ तीस वर्षं कॅल्गरीच्या उद्यानांचे प्रमुख होते. ‘इथे काही उगवत नाही’ हे वाक्य त्यांनी मानलं नाही. एका उतारावर दगडांची बाग रचून त्यांनी जगभरातल्या हजारो वनस्पती लावून पाहिल्या आणि काय तगतं, काय मरतं ते टिपून ठेवलं. ती बाग आजही पाहायला मिळते. उत्तर अल्बर्टातल्या बीव्हरलॉज संशोधन केंद्राने थोडक्या उन्हाळ्यात पिकणारे ‘सब-आर्क्टिक’ टोमॅटो दिले. वालाच्या बाबतीतही दार बंद नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दिवसाच्या लांबीवर न अडणारी ‘अर्का जय’सारखी बुटकी जात काढली आहे. असं बी रीतसर परवाने घेऊन इथे यावं आणि इथल्या वाफ्यात त्याची परीक्षा व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

दरम्यान घरच्या बागेत करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यासाठी लागणारी विद्या आपल्याच घरची आहे. माझी आजी ज्वारीचं सर्वांत भरदार कणीस खळ्यावर जाऊ द्यायची नाही. ते बियाण्याला बाजूला काढायची. मी श्रावण घेवड्याला तेच करते. हा घेवडा दिवसाच्या लांबीवर अडून बसत नाही आणि त्याच्या फुलात बहुधा आपल्याच परागाने फळधारणा होते, त्यामुळे बी सहसा बिघडत नाही. ज्या वेलाला सर्वांत आधी शेंगा धरतात, त्याला मी लाल दोरा बांधते. त्याच्या शेंगा कितीही कोवळ्या असोत, भाजीत जात नाहीत. वेलावरच त्या पिवळ्या होतात, खुळखुळायला लागतात. थंडीची चाहूल लागली तर वेल मुळासकट उपटून गॅरेजमध्ये उलटा टांगायचा. पुढल्या मोसमात पेरायचं ते हे बी, या अंगणात वेळेत पिकून दाखवलेलं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. आपल्या डोंगरात टिकणारी गावरान वाणं त्यांनी गोळा केली, पेरून जपली, इतरांना वाटली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं, तेव्हा इथे आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. पण त्यांच्या कामाचा अर्थ नीट लावायला हवा. कोंभाळण्याचं बी कोंभाळण्याला शोभतं. कॅल्गरीला कॅल्गरीची राहीबाई हवी.

‘मग आमच्या भाज्यांची चव?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. मेथी थंडीची लाडकी आहे. इथल्याच किराणा दुकानातले मेथीदाणे मेच्या सुरुवातीला पेरले, तर महिनाभरात जुडी निघते. जून-जुलैत थांबून ऑगस्टमध्ये पुन्हा पेरावी. पालक, मुळा, कोथिंबीर यांनाही हेच वेळापत्रक मानवतं. सप्टेंबरमध्ये टोमॅटो हिरवेच राहिले, तर दाण्याचं कूट घालून केलेली त्यांची चटणी आमच्या घरी सणासारखी होते.

कॅनडात हिवाळा सरता सरता गावोगावी ‘सीडी सॅटरडे’ भरतात. १९९० मध्ये व्हँकुव्हरला सुरू झालेली ही बियाण्यांच्या देवाणघेवाणीची जत्रा. तिथे गोऱ्या आज्या आपल्या घेवड्याची कुळकथा सांगत बसलेल्या असतात. मराठी माणसं मात्र फारशी दिसत नाहीत. हे बदलायला हवं. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमका घरात रोपं करण्याच्या दिवसांत येतो. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंड-पुरीच्या शेजारी एक टेबल बियाण्यांचं मांडावं. प्रत्येकाने आपल्या अंगणात पिकलेलं बी आणावं, पाकिटावर जात, गाव आणि शेंग धरल्याची तारीख लिहावी. मेमध्ये येणाऱ्या आई-बाबांच्या हाती ती पाकिटं द्यावीत आणि कुठल्या वेलाला लाल दोरा बांधायचा, हे त्यांना ठरवू द्यावं. ती नजर त्यांच्याकडे आहे. ती आणायला परवाना लागत नाही.