आस्तिकांचे धर्मज्ञान

देवावर ज्याची श्रद्धा, त्यालाच धर्माचे ज्ञान अधिक असावयाचे, आणि नास्तिक म्हटला की तो धर्माविषयी अनभिज्ञ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेत या समजुतीची एकदा रीतसर परीक्षाच झाली. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१० साली ३,४१२ स्त्रीपुरुषांना धर्मविषयक ३२ प्रश्न विचारले. सरासरीने १६ उत्तरे बरोबर आली; परंतु नास्तिक व अज्ञेयवादी यांची सरासरी २०.९, म्हणजे सर्वांत अधिक भरली! ज्यू व मॉर्मन त्यांच्या अगदी निकट होते. प्रॉटेस्टंटांपैकी निम्म्याहून अधिकांना मार्टिन ल्यूथर ओळखता आला नाही. प्रसादाची भाकरी व द्राक्षासव ही ख्रिस्ताचे देह व रक्तच होतात, ही आपल्या चर्चची शिकवण शंभरांतील पंचेचाळीस कॅथलिकांना ठाऊक नव्हती. २०१९ साली पुन्हा अशीच पाहणी झाली, तेव्हा ज्यू पहिले आले. तरी नास्तिक त्यांच्या मागोमाग होतेच.

असे का व्हावे? शिक्षणाचा प्रभाव यात मोठा आहे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्या नास्तिक-अज्ञेयवाद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक ख्रिस्ती घरांत वाढलेले होते. माझ्या मते खरे कारण येथेच आहे. जे वडिलोपार्जित मिळाले, ते ठेवून घेण्यास काही वाचावे लागत नाही. सोडावयाचे झाल्यास मात्र घरच्यांना उत्तर द्यावे लागते, आणि त्याहून कठीण म्हणजे स्वतःला द्यावे लागते. (नास्तिकाच्या पोटी जन्मून निवांत नास्तिक राहिलेला मुलगा बहुधा आस्तिकाइतकाच अजाण निघेल!) शिवाय केवळ बायबल व ख्रिस्ती धर्म यांवरील प्रश्नांत मॉर्मन आणि गोरे इव्हँजेलिकल हे नास्तिकांच्या पुढे होते, हे विसरून चालणार नाही. जेथे धर्मग्रंथ नित्य वाचला जातो, तेथे श्रद्धा व ज्ञान एकत्र नांदतात.

कोणी म्हणेल, पंढरीची वाट चालणाऱ्या वृद्धेला प्रश्नपत्रिका कशाला हवी? तिला ती नकोच. तिची भक्ती अशा मापाने मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु आपण विद्यार्थी आहोत; तिची सबब आपणांस शोभणार नाही. सायंकाळी दिव्यापुढे रामरक्षा म्हणणारे आपणांत पुष्कळ आहेत. तिचा ऋषी कोण व छंद कोणता, हे स्तोत्राच्या आरंभीच सांगितलेले आहे. रोज उच्चारूनही ते कितीजणांना सांगता येईल? उलट ‘जडवाद’ हा ग्रंथ लिहिणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीच वाईस धर्मकोशाचे प्रचंड खंड संपादिले.

अन्य धर्मांची गोष्ट तर बोलावयासच नको. आपल्या वर्गात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जैन एकाच बाकावर बसतात. शेजारचा मित्र रमजानात उपवास का धरतो, पर्युषणात दुसऱ्याच्या घरी काय चालते, हे वर्षानुवर्षे डबा वाटून खाल्ल्यावरही आपण त्यांस कधी विचारले आहे काय?