घामाचा जमाखर्च

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक नवाच जमाखर्च लिहिला जाऊं लागला आहे. जमेच्या बाजूस ताटांतील पुरणपोळी, खर्चाच्या बाजूस सायंकाळचा फेरफटका! मनगटावरील यंत्रानें दहा हजार पावलांचा आंकडा दाखविला, कीं खातें मिटलें असें समजावयाचें आणि निर्धास्तपणें आणखी एक पोळी वाढून घ्यावयाची. हा केवळ भाबडेपणा असता, तर आम्हीं लेखणी हातीं धरली नसती. परंतु या हिशेबांतून एक निवाडाही निघतो: ज्याचें शरीर स्थूल, तो आळशी! पहांटेपासून रात्रीपर्यंत पायांवर उभी असलेली गृहिणीही या न्यायासनापुढें आरोपी ठरते. आणि ‘जरा हालचाल करीत जा’ असा उपदेश तिला करणारे गृहस्थ बहुधा आरामखुर्चींत पहुडलेले असतात. ज्या अंकगणिताच्या आधारें हा आरोप होतो, तें अंकगणितच चुकीचें आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

याचा पहिला पुरावा आफ्रिकेंतील आहे. उत्तर टांझानियांत एयासी सरोवराच्या आसमंतांत हाड्झा नांवाचे लोक राहतात. त्यांच्यापैकीं कांहीं जण अद्यापि धनुष्यबाणानें शिकार करून आणि कंद, फळें व मध गोळा करून निर्वाह करतात. हर्मन पाँट्झर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा तीस प्रौढांचा दैनिक ऊर्जाव्यय मोजून तो २०१२ सालीं प्रसिद्ध केला. यांतील पुरुष दररोज सरासरी ११.४ व स्त्रिया ५.८ किलोमीटर चालत होत्या. मोजण्याची रीतही अंदाजपंचे नव्हती. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे जड अणू असलेलें पाणी प्यावयास द्यावयाचें, आणि मूत्राच्या नमुन्यांवरून ते दोन्ही शरीराबाहेर कोणत्या वेगानें पडतात तें पाहावयाचें. दोहोंच्या वेगांतील फरकावरून उच्छ्वासांतून गेलेला कार्बन डायऑक्साइड, व त्यावरून जळलेली ऊर्जा कळते. इतके चालणारे लोक बैठ्या माणसापेक्षां पुष्कळ अधिक ऊर्जा जाळीत असतील, असेंच कोणीही म्हणेल. निष्पन्न झालें तें उलट! शरीराचें आकारमान विचारांत घेतलें असतां, रानांत राबणारा हाड्झा व कचेरींत बसणारा अमेरिकन यांचा एकूण व्यय सारखाच भरला.

पुढें २०१६ सालीं पांच देशांतील ३३२ प्रौढांच्या पाहणींत असें दिसलें, कीं हालचाल मध्यम प्रमाणापर्यंत वाढली तर व्यय वाढतो. त्यापलीकडे तो जवळजवळ तेथेंच थबकतो. म्हणजे शरीर हें कोणी उधळ्या श्रीमंत नसून काटकसरी कारभारी आहे. एका खात्यावर खर्च वाढला, कीं दुसऱ्या खात्यांत तें हात आंखडतें. ‘चाळिशी उलटली, आतां चरबी जळत नाहीं,’ ही आमच्या वयाच्या मंडळींची आवडती सबबही २०२१ सालीं निकालांत निघाली. एकोणतीस देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजणींत, आकारमानाच्या हिशेबानें पाहतां, विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा व्यय स्थिर आढळला.

यावर आक्षेप येईल, कीं तीस हाड्झांवरून जगाचा न्याय कसा करावा? आक्षेप वाजवी आहे. आणि ही भरपाई किती होते याविषयीं शास्त्रज्ञांत वादही आहे. २०२१ मधील १,७५४ प्रौढांच्या एका अभ्यासांत ती सरासरीनें सुमारें २८ टक्केच निघाली. परंतु चारांतला एक रुपया गुपचुप वळता होतो, हें ठाऊक झाल्यावर जुन्या खातेवहीवर कोणता शहाणा विश्वास ठेवील? शिवाय, २०२५ सालीं चौतीस समाजांतील ४,२१३ प्रौढांची मोजणी प्रसिद्ध झाली. तींत संपन्न देशांतील स्थूलतेचें कारण म्हणून श्रमांच्या उणिवेपेक्षां आहाराचा वांटा कितीतरी मोठा ठरला.

हा जमाखर्च कोणाच्या पथ्यावर पडतो, हेंही पाहावें. ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ नांवाची अमेरिकेंतील एक संस्था खाण्यापेक्षां व्यायामाच्या अभावावर बोट ठेवीत असे. तिला कोका-कोला कंपनीचा पैसा आहे, हें २०१५ सालीं वृत्तपत्रांनीं चव्हाट्यावर आणलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती बंद झाली. साखरेचें पाणी विकणारास ‘प्या आणि धांवा’ हा उपदेश गोड वाटावा, यांत नवल तें काय? पण तोच उपदेश आम्ही आमच्या मुलांना फुकट करीत असतों. मुलाच्या एका हातांत बिस्किटांचा पुडा द्यावयाचा आणि दुसरा हात धरून त्याला क्रीडांगणावर नेऊन सोडावयाचें, म्हणजे कर्तव्य संपलें!

तर मग चालणेंच सोडावें काय? असा अर्थ काढणाऱ्या आळशांचे आम्ही वकील नव्हे. व्यायामानें हृदय बळकट होतें, रक्तांतील साखर आटोक्यांत राहते, झोंप व मन सुधारतें. पाँट्झर यांनींही व्यायामाचा पुरस्कारच केला आहे. हाड्झांचीही दिवसाकाठीं सुमारें दहा तास विश्रांति असते, असें २०२० सालच्या एका अभ्यासांत आढळलें. मात्र तिचा बराच भाग उकिडवें किंवा गुडघ्यांवर बसण्यांत जातो, त्यामुळें पायांचे स्नायू अगदींच निजत नाहींत. आमची मांडी व पाट गेले, सोफा आला, याचाही विचार व्हावा. म्हणून चालावें अवश्य. पण तें आरोग्यासाठीं, पापक्षालनासाठीं नव्हे.

‘आमचे आजोबा वाटीभर तूप पचवीत, कारण ते राबत,’ हें वाक्य यापुढें जपून उच्चारावें. आजोबांच्या घरीं कोनाड्यांत फरसाणाचे डबे व फडताळांत शीतपेयांच्या बाटल्या नव्हत्या, हें आम्ही सोयिस्करपणें विसरतों. वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटांतला आहे. आणि ताट काय भरावें हें घरांतील एकट्या बाईनें नव्हे, तर बाजारांतून पिशवी भरून आणणारानें, सणावारीं आग्रह करणारानें व खाणारानें मिळून ठरवावयाचें असतें. तें ठरविण्याचे कष्ट न घेतां तिला आळशी म्हणणें सोपें आहे. सोपें आहे, म्हणूनच तें आजवर चालत आलें. आतां तें खरें नाहीं एवढें तरी कळलें आहे. निदान तो शब्द तरी मागें घ्यावा.