मोटर घ्यायच्या आधी हँडल फिरवून बघा

"सर, माझ्या छोट्या मिलिंग मशीनला सीएनसी किट बसवू का?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं मत सरळ आहे: बसवा, पण मोटर सगळ्यात शेवटी घ्या.

मी उलटं केलं होतं. आधी स्टेपर मोटर आणि कंट्रोलर आणला, जुना स्क्रू तसाच ठेवला. कागदावर गणित भारी दिसत होतं. मोटरच्या एका फेरीत २०० स्टेप, स्क्रूची पिच ५ मिमी, म्हणजे एका स्टेपला ०.०२५ मिमी. पण स्क्रू आणि नटमध्ये ०.२ मिमी प्ले होता! गोल पॉकेट मारलं की टेबल जिथे दिशा बदलायचं तिथे पायरी उमटायची. जॉब परत आला.

हाताने काम करताना आपण नेहमी एकाच बाजूने येऊन हा प्ले काढून टाकतो. साध्या स्टेपरला मात्र टेबल खरंच सरकलं का, हे कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते, पण कटरच टेबल ओढायला लागला की तिचा भरवसा नाही.

म्हणून आधी डायल लावून प्ले मोजा, जिब ॲडजस्ट करा, पैसे बॉल स्क्रूमध्ये घाला. कंट्रोलसाठी लिनक्ससीएनसी फुकट मिळतं.

आणि या सगळ्याच्या आधी ऑर्डरची वही उघडा. तोच पार्ट पुन्हा पुन्हा मागणारं गिऱ्हाईक आहे का? नसेल, तर सध्या हँडलवरच काम करा. उगाच हप्ता डोक्यावर घेऊ नका.