प्रतिनिधी की निरोप्या?

'लोकप्रतिनिधी' हा शब्द आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात इतक्यांदा पाठ केला की त्याचा अर्थ विचारायचा राहूनच गेला. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने लोक म्हणतील तसे वागायचे, की स्वतःच्या बुद्धीला पटेल तसे? राज्यशास्त्राच्या तासाला एडमंड बर्कचे नाव येते. मी माझी विवेकबुद्धी तुमच्या मताला गहाण टाकणार नाही, असे त्याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर बजावले. पुढे १७८० मध्ये त्याला ब्रिस्टलचा नाद सोडावा लागला, हे मात्र गाइडात नसते!

इतके लांब तरी कशाला जा? १९५६ साली मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याचे खासदार व देशाचे अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. तिथे जनमत आणि त्यांची बुद्धी एकाच दिशेला होती. आड येत होती ती फक्त खुर्ची. हे सोपे उदाहरण झाले.

अवघड प्रसंग येतो तो जनमत एकीकडे आणि न्याय दुसरीकडे असतो तेव्हा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै १९७८ मध्ये मंजूर केला. लगेच दंगली उसळल्या, दलित वस्त्या पेटल्या, आणि ठराव फायलीत गेला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे! सभागृहात ज्यांनी हात वर केले, त्यांतले किती जण गावच्या पारावर उभे राहून 'होय, मी मत दिले, आणि का दिले ते ऐका' असे म्हणाले? आणि जळलेल्या घरांतली माणसे 'जनमता'त मोजायची नाहीत काय?

मी आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. आमच्यासारख्यांनी शिकावे की नाही यावर चावडीवर हात वर करायला सांगितले असते, तर मी आज हा लेख लिहीत नसतो, गुरे राखत असतो.

यावर माझा एक वर्गमित्र म्हणतो, ''मग राजा काय वाईट होता? तोही स्वतःच्या मर्जीनेच वागायचा.'' प्रश्न बिनतोड आहे. पण राजाला पाच वर्षांनी दारात यावे लागत नसे. हिंदू कोड बिल १९५१ मध्ये रखडले, आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ही संसद लोकांनी थेट निवडलेलीच नाही, असा विरोधकांचा एक मुद्दा होता. तो बरोबरही होता. पहिल्या निवडणुकीत फुलपूरला याच बिलाच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी नेहरूंसमोर उभे राहिले. नेहरूंनी बिलाची बाजू सोडली नाही, आणि ते निवडून आले. मग १९५५ मध्ये विवाहाचा आणि १९५६ मध्ये वारसाचा कायदा झाला. आपले मत लोकांपासून लपवायचे नाही, ते घेऊनच त्यांच्यापुढे जायचे, ही रीत मला पटते.

अर्थात या वादात आणखी एक पाहुणा घुसला आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मत दिले तर सदस्यत्वच जाऊ शकते. तेव्हा पुढच्या वेळी आमदारसाहेब स्नेहसंमेलनाला आले, की हार घालण्याआधी कुणीतरी त्यांना विचारावे : अमुक विधेयकावर आपण हात वर केलात, तो आमचा होता, आपला होता, की पक्षाचा?