चार डब्यांवर उपनगरांचे ओझे

मुंबईच्या नकाशावर रेल्वेचे रूळ उभे आहेत. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, पुढच्या दशकात पश्चिमेची लाइन आली, मग हार्बर. साऱ्यांची धाव उत्तर-दक्षिण. सकाळी खाली फोर्टात, संध्याकाळी वर घरी, हा या शहराचा शंभर-दीडशे वर्षांचा दिनक्रम. पण घाटकोपरात राहून अंधेरीत नोकरी करणाऱ्याने काय करायचे? एक तर लोकलने दादरला यायचे, पूल चढून पश्चिमेच्या फलाटावर जायचे आणि पुन्हा तेवढेच अंतर उत्तरेला कापायचे. नाहीतर 340 नंबरची बस पकडून साकीनाक्याच्या सिग्नलला आयुष्याची काही मिनिटे रोज अर्पण करायची.

गंमत अशी की अशी आडवी रेल्वे मुंबईत एकदा होऊन गेली आहे. 1928 मध्ये ट्रॉम्बेहून कुर्लामार्गे अंधेरीला जाणारी सॅलसेट-ट्रॉम्बे रेल्वे सुरू झाली होती. ती जेमतेम सहा वर्षे टिकली. सांताक्रूझच्या विमानतळासाठी जागा हवी होती, म्हणून 1934 मध्ये ती बंद केली आणि रूळ उखडले. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम उपनगरे थेट रुळांनी जोडणारी गाडी अंधेरीत पुन्हा दिसली ती 8 जून 2014 रोजी, म्हणजे बरोबर 80 वर्षांनी. तीच वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, कागदोपत्री ‘मेट्रो 1’.

जेमतेम 11.4 किलोमीटरचा हा मार्ग आणि 12 स्थानके. आज मुंबईत याहून लांब, याहून महागड्या आणि झगमगीत मेट्रो धावतात, तरी मार्ग आखण्याची अक्कल पाहायची असेल तर या छोट्या लाइनकडेच पाहावे लागते. वर्सोव्याहून निघून ती जयप्रकाश मार्गावरून डी. एन. नगर, आझाद नगर करत अंधेरी स्टेशन गाठते. तिथे पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पोलादी पुलाने पलीकडे जाते. पुढे पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडायला तारांनी तोललेला पूल. मग अंधेरी-कुर्ला रस्ता धरून चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका, साकीनाका. असल्फ्याला टेकडीवरची घरे दिसतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या भिंती भडक रंगांत रंगवल्या गेल्या आणि मेट्रोतून जाणारे मोबाइल वर करून फोटो काढू लागले. जागृतीनगर मागे टाकून गाडी घाटकोपरला मध्य रेल्वेच्या अंगाला येऊन थांबते. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांना टाका घालणारी ही रेघ आहे. रस्त्याने जिथे तास-सव्वा तास जायचा तिथे आता 21 मिनिटे लागतात.

इतका शहाणा मार्ग, पण त्याच्या जन्माची आणि मालकीची कथा मात्र भांडणांनी भरलेली आहे, आणि ती जुनी झाली म्हणून सोडून देण्यासारखी नाही. भूमिपूजन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते 21 जून 2006 रोजी झाले. काम सुरू झाले फेब्रुवारी 2008 मध्ये. गर्दीच्या रस्त्याच्या मधोमध खांब रोवणे, रेल्वेवरून पूल नेणे, जागा मिळवणे यात वर्षे गेली आणि नारळ फुटल्यापासून गाडी धावेपर्यंत आठ वर्षे लागली. सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतली ही मुंबईची पहिली मेट्रो. मुंबई मेट्रो वन या कंपनीत सुरुवातीला रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा 69 टक्के, राज्य सरकारच्या एमएमआरडीएचा 26 टक्के आणि उरलेले 5 टक्के परदेशी चालक कंपनीचे. करारातला खर्च 2,356 कोटींचा. कंपनीच्या हिशेबाने तो पुढे 4,300 कोटींच्या वर गेला. वाढलेला खर्च कोणी भरायचा, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

त्यातून भाड्याचे रामायण घडले. करारात भाडे ठरले होते 9, 11 आणि 13 रुपये. गाडी सुरू होण्याच्या तोंडावर कंपनीने 10 ते 40 रुपये मागितले. राज्य सरकार न्यायालयात गेले. सुरुवातीचे काही दिवस सरसकट 10 रुपये घेतले गेले आणि लोकांनी अक्षरशः झुंबड उडवली. मूळ करार 1886 च्या ट्रामवे कायद्याखाली होता. नंतर केंद्राचा मेट्रो कायदा लागू झाला आणि भाडे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, यावरच वकिलांची चांदी झाली. 2015 मध्ये भाडेनिश्चिती समितीने 110 रुपयांपर्यंतची कमाल शिफारस केली. 11 किलोमीटरला 110 रुपये! उच्च न्यायालयाने ती वाढ रोखली, म्हणून आज भाडे 10 ते 40 रुपयांत आहे. प्रवाशांचा हा विजय खरा. पण त्याची दुसरी बाजू कोणी मोजली नाही: ज्या कंपनीला भाडे वाढवता येत नाही आणि कर्ज फेडता येत नाही, ती नवे डबे घेणार कुठून?

दुखणे नेमके इथेच आहे. या मार्गावर 16 गाड्या आहेत, प्रत्येकी चार डब्यांच्या. स्थानके बांधताना पुढेमागे सहा डबे येतील असा विचार झालेला होता. सहावा सोडा, पाचवा डबाही दहा-अकरा वर्षांत आलेला नाही. दरम्यान शहर थांबले नाही. 2022 आणि 2023 मध्ये दोन टप्प्यांत दहिसरहून येणारे मेट्रो 2अ आणि मेट्रो 7 हे मार्ग सुरू झाले. पहिला डी. एन. नगरपाशी आणि दुसरा पश्चिम द्रुतगती महामार्गापाशी या लाइनीला येऊन मिळतो. त्यांच्या गाड्या सहा डब्यांच्या. ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो 3 मरोळ नाक्याला येऊन भिडली. एका वर्षात ती थेट कफ परेडपर्यंत पोहोचली आणि तिच्या गाड्या आठ डब्यांच्या. म्हणजे सहा आणि आठ डब्यांतून उतरलेली माणसे चार डब्यांत कोंबायची. जो जो नवा मार्ग उद्घाटनाच्या फिती कापून सुरू होतो, तो तो आपल्या गर्दीचा वाटा या लहानशा लाइनीच्या खांद्यावर टाकतो. रोजची प्रवासीसंख्या साडेचार-पाच लाखांच्या घरात आहे. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या पुलाकडे सरकणारी रांग पाहिली की आकडे सांगावे लागत नाहीत.

मुंबई मेट्रो वन कंपनी आपल्या परीने उपाय करते. गर्दीच्या वेळी साडेतीन मिनिटांच्या आसपास गाडी येते, मध्ये घाटकोपर-अंधेरी अशा अर्ध्या फेऱ्याही सोडल्या गेल्या. पण 64 डब्यांत किती माणसे बसणार? जागा वाढवायची तर पैसे हवेत, आणि पैसे गुंतले आहेत बँकांच्या थकबाकीत आणि लवादाच्या निवाड्यांत. 2023 मध्ये स्टेट बँकेने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्यासाठी अर्ज केला; पुढे तडजोड झाली. त्याच वर्षी लवादाने एमएमआरडीएविरुद्ध कंपनीच्या बाजूने सुमारे 496 कोटींचा निवाडा दिला आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीतला खासगी वाटा 4,000 कोटींना विकत घेण्याचे ठरवले. जूनमध्ये तो निर्णय गुंडाळून ठेवला. तीन महिन्यांत मत का बदलले, हे लोकांना नीट कळले नाही, आणि सरकारने ते सांगायला हवे होते.

खासगी भागीदारी मुळातच वाईट, असा सोपा निष्कर्ष काढता येईल. या गाडीच्या बाबतीत तो पूर्ण खरा नाही. सकाळी आणि संध्याकाळी लाखो माणसांना वेळेवर पोहोचवण्याचे काम ती रोज करते, आणि सरकारी संस्थांनी बांधलेल्या मार्गांना लागलेला उशीर पाहिला तर तिची आठ वर्षे फार मानण्याचे कारण नाही. चूक झाली ती करार लिहिताना. खर्च वाढला तर काय, प्रवासी वाढले तर डबे कोणी आणायचे, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरली असती तर पुढचे बरेच टळले असते. दुसरी मेट्रोही अशाच खासगी भागीदारीने व्हायची होती. चारकोप-वांद्रे-मानखुर्द मार्गाचे भूमिपूजन ऑगस्ट 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. बांधकाम काही झाले नाही आणि नोव्हेंबर 2014 मध्ये करारच मोडला. तेव्हापासून सरकारने नवे मार्ग स्वतःच्या संस्थांकडे घेतले. जुनी लाइन मात्र ना पूर्ण आपली, ना पूर्ण परकी, अशी मधेच लोंबकळत राहिली.

आता दोनच मार्ग उरतात. एक, सरकारने ती विकत घ्यावी, सरळ किंमत सांगून, आणि त्याच दिवशी सहा डब्यांची मागणी नोंदवावी. दुसरा, घ्यायची नसेल तर किमान डब्यांचा प्रश्न भाड्याच्या आणि कर्जाच्या भांडणातून वेगळा काढून तेवढाच निकालात काढावा. डब्यांना पैसे सरकारने द्यावेत, वाद न्यायालयात चालू राहू दे. तिसरा पर्याय म्हणून काही जण लोखंडवाला ते विक्रोळी या मेट्रो 6 कडे बोट दाखवतात. तीही आडवी जाणारी आहे, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून. ती झाली की काही गर्दी तिकडे वळेल. पण घाटकोपर-अंधेरीचा माणूस विक्रोळीला जाऊन गाडी धरेल, असे कोणी गृहीत धरू नये.

मेट्रो 1 चा करार 35 वर्षांचा, तोही 2007 पासूनचा. कोणी काहीच केले नाही तर हे सारे 2042 पर्यंत असेच चालेल. घाटकोपरच्या पुलावरच्या रांगेत आज उभा असलेला पंचविशीतला तरुण तेव्हा चाळिशी ओलांडलेला असेल.