यंत्राच्या आधारावरचें हृदय

हृदयाला साहाय्यक पंप बसविलेल्या माणसाच्या मनगटावर बोट ठेवलें तर बहुधा नाडी लागत नाहीं. नाडी म्हणजेच जीव असें ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानलें गेलें, तेथील वडीलधाऱ्यांना हें ऐकून धक्काच बसेल. पण वस्तुस्थिति अशीच आहे. हृदयाचा डावा कप्पा थकून औषधें पुरीं पडेनाशीं झालीं, म्हणजे त्या कप्प्याला हा पंप जोडतात. त्यांतील चाक मिनिटाला पांच-सहा हजार फेरे घेतें आणि रक्त ठोक्याठोक्यानें न जातां नळाच्या धारेसारखें अखंड वाहतें. पोटाच्या कातडींतून एक तार बाहेर येते. ती कमरेच्या नियंत्रक पेटीला आणि पेटी दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते.

मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. पी. के. सेन यांनीं १९६८ सालीं हृदयारोपणाचा प्रयत्न केला, तेव्हां रुग्ण कांहीं तासच जगला. आतां मोजमाप वर्षांचें आहे. अमेरिकेंतील २००१ च्या पाहणींत केवळ औषधांवर असलेल्या अशा रुग्णांपैकीं चतुर्थांशच वर्षभर जगले, पंपवाले सुमारें निम्मे. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत 'हार्टमेट ३' या नव्या पंपावरील शंभरांतील सुमारें ५८ जण पांच वर्षांनंतर हयात होते. उशांचा ढीग न रचतां आडवें होणें, पंक्तींत बसून जेवणें, चार पावलें देवळापर्यंत जाणें, हें पुष्कळांना परत मिळतें. रक्तस्राव, तारेच्या जागीं जंतुसंसर्ग आणि अर्धांगवायु यांची भीति मात्र मागें राहतेच.

नांदेड-लातूरच्या रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठीं मुंबई, पुणें, हैदराबाद किंवा चेन्नई अशा मोठ्या शहरीं जावें लागतें. (निजामी अमलापासून हैदराबादची वाट आमच्या ओळखीचीच.) लक्षावधि रुपयांचा खर्च, शेत विकावें कीं न विकावें, यावर घरांत रात्र-रात्र खल होतो. परंतु रुग्ण परत आल्यावर त्याचे दिवस कसे जातील, हें ठरतें त्याच्या घरांतच, आणि त्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं.

नांदेडच्या घाटावर गोदावरींत बुडी मारणें आतां कायमचें बंद. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीनें, पेटी झांकूनच अंगावर पाणी घ्यावयाचें. ज्या लातूरला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथेंहि पट्टी बदलण्यापूर्वीं हात धुण्याच्या पाण्यांत काटकसर चालणार नाहीं. रात्रीं यंत्र घरच्या विजेवर चालतें. म्हणून वीज जाण्याच्या दिवसांत भरलेल्या बॅटऱ्या उशाशीं हव्यातच, आणि दोन्ही बॅटऱ्या एकदम काढावयाच्या नाहींत. रक्त पातळ ठेवणारें वारफरिन रोज घ्यावें लागतें. मेथी, पालक, अळू वर्ज्य नाहींत. पण आज भरपूर व उद्यां मुळींच नाहीं, असें केल्यास औषधाचा मेळ बिघडतो. चातुर्मासाचे नेम व एकादशीचे उपास यांविषयीं डॉक्टरांना आधींच सांगावें. रुग्ण बेशुद्ध पडला तर शेजाऱ्यांनीं नाडी नाहीं म्हणून आशा सोडूं नये. प्रथम पेटीवरील खूण पाहावी. त्या वेळीं नेमकें काय करावयाचें, हें रुग्णालयाकडून लिहून घेऊन भिंतीवर लावावें.

हें सारें करणार कोण? बहुतेक घरीं उत्तर ठरलेलें असतें : मोठी सून. सासऱ्यांची पट्टी, बॅटऱ्या, गोळ्यांची वही, सगळें तिच्याच गळ्यांत पडतें, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घेतांना मात्र तिला कोणीं विचारलेलें नसतें. आमच्या मतें ही मोठी चूक आहे. तिच्याखेरीज एखाद्या मुलानें किंवा दिरानें तरी रुग्णालयांतच हें शिकून घ्यावें, म्हणजे तिला माहेरीं चार दिवस जातां येईल.

आणखी एक अवघड गोष्ट. अखेरच्या आजारांत शुद्ध हरपल्यावरहि पंप चालूच राहतो. अशा वेळीं तो केव्हां थांबवावा, याविषयीं रुग्णाचें स्वतःचें मत प्रवासाला निघण्यापूर्वींच, तो नीट बोलूं शकतो तोंवर, सुनेच्या देखत विचारून ठेवावें.