नमुना घेणाऱ्यांना आधी सज्ज करा




पंचगंगा नदीत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगू लागले की पाण्याचे नमुने घेण्याची मागणी होते. ती रास्तच आहे. पण नमुने घ्यायला कोण जाते, काय घेऊन जाते, हे कुणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली नदीत बुडवून दुचाकीच्या डिकीतून भर उन्हात नेलेली मी पाहिली आहे. तापलेल्या बाटलीतले जिवाणू वाटेतच सेंद्रिय घाण खातात, बीओडीचा, म्हणजे ही घाण कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा, आकडा कमी येतो आणि नदी आहे त्याहून स्वच्छ ठरते. फायदा दूषित पाणी सोडणाऱ्याचा. म्हणून बर्फाची पेटी ही चैन नाही.

विरघळलेल्या ऑक्सिजनचे काम तर काठावरच उरकावे लागते. 300 मिलिलिटरची बीओडी बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड पाण्याच्या पातळीखाली सोडायचे, काचेचे बूच लावून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका धरला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर ऑक्सिजन संपलेला आहे. मासे का मेले याचा मोठा पुरावा तिथेच हाती येतो. हे सरावाशिवाय जमत नाही. जिवाणू तपासणीला निर्जंतुक बाटली, तेलासाठी काचेची, धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली, हेही निघण्यापूर्वीच ठरलेले हवे. गमबूट, हातमोजे, लाइफ जॅकेट यांत तर काटकसर नकोच. घसरड्या बंधाऱ्यावर एकट्याला पाठवणे हा गुन्हाच मानावा.

कारखान्याच्या सांडपाण्याबाबत 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम 21 आणखी कडक आहे. रीतसर नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. ही रीत पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. रीत चुकली की खटलाच बुडतो.

स्वयंचलित यंत्रे बसवा म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण ती यंत्रे बरोबर दाखवतात का, हे पडताळायलाही हाताने घेतलेला चोख नमुनाच लागतो.

2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीने माणसे दगावली, हे नदीकाठ विसरलेला नाही. जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती आहे की, नदीचे पाणी आटण्यापूर्वी, उन्हाळ्याच्या आत, पंचगंगाकाठच्या प्रत्येक तालुक्यात चार जणांचे प्रशिक्षित पथक आणि या साहित्याने भरलेली पेटी तयार ठेवावी.

— रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर